विंडअप की सेट? पिचरच्या पायांवरून वारंवार होणारा वाद आणि त्याचे निवारण

बेसबॉलचा सामना चालू आहे. तिसऱ्या बेसवर रनर (धाव पूर्ण करण्यासाठी थांबलेला फलंदाजी संघाचा खेळाडू) आहे आणि बाकीचे दोन्ही बेस मोकळे आहेत. उजव्या हाताने टाकणारा पिचर, म्हणजे बेसबॉलचा गोलंदाज, रबरवर (त्याच्या पायाखालच्या पट्टीवर) येतो. त्याचा उजवा पाय रबरला लागून रबरच्या लांबीला समांतर आहे, तर डावा पाय रबरच्या पुढे, होम प्लेटच्या, म्हणजे बॅटरच्या, बाजूला आहे. कॅचरची खूण पाहून झाल्यावर चेंडूचा हात ग्लव्हमध्ये जातो आणि क्षणभरही न थांबता तो डावा पाय उचलून चेंडू टाकतो. लगेच तिसऱ्या बेसजवळचा प्रशिक्षक ‘बॉक, बॉक’ (पिचरची नियमबाह्य हालचाल, जिच्यामुळे रनरला एक बेस पुढे मिळतो) म्हणून हात वर करतो, कारण त्याच्या मते पिचर सेट पोझिशनमध्ये होता, तो थांबला नाही आणि म्हणून रनरला होम प्लेट मिळायला हवी. समोरच्या डगआउटमधून, म्हणजे संघाच्या बसण्याच्या जागेतून, उत्तर येते की पिचर विंडअपमध्ये होता आणि विंडअपमध्ये थांबण्याचे बंधन नसते. दोघांनीही नियम बरोबर सांगितलेला असतो. अडचण एवढीच असते की पिचर नेमका कोणत्या पोझिशनमध्ये होता, हे चेंडू सुटण्यापूर्वी पंचाने मनाशी ठरवलेले नसते, आणि मग निर्णय पायांवरून न होता आवाजावरून होतो.

न्यू जर्सीत शाळकरी मुलांच्या सामन्यांत मी पंच म्हणून उभा राहतो. पहिल्या हंगामात हा प्रसंग माझ्यावर इतक्या वेळा आला की मी नियमपुस्तकातला पिचिंगचा भाग सलग वाचून काढला आणि मग प्रत्येक वादाची नोंद ठेवू लागलो. मुलाला किंवा मुलीला बेसबॉलला घातल्यावर ‘पंच कमी पडत आहेत, उभे राहाल का?’ या विनंतीला हो म्हणणारे मराठी पालक इकडे बरेच आहेत. त्यांना क्रिकेटची नजर असते, पण बेसबॉलमध्ये पायांकडे कधी आणि कशासाठी बघायचे याची सवय नसते. त्यांना उपयोगी पडावे म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

क्रिकेटमध्ये पंच गोलंदाजाचा पुढचा पाय टेकताना पाहतो. पायाचा काही भाग पॉपिंग क्रीझच्या मागे असला की त्या बाजूने चेंडू वैध ठरतो. म्हणजे तेथे पायाचा प्रश्न क्रिया घडत असताना उद्भवतो. बेसबॉलमध्ये पायांचा पहिला प्रश्न क्रिया सुरू होण्यापूर्वीचा असतो: पिचर कसा उभा आहे? पुढच्या हालचालीपैकी काय चालेल आणि काय चालणार नाही, हे सगळे त्या उभे राहण्यावरून ठरते. क्रिकेट पाहत वाढलेल्या माणसाची नजर चेंडू सुटण्याच्या क्षणासाठी राखून ठेवलेली असते, आणि तोपर्यंत बेसबॉलचा अर्धा निर्णय हातातून निसटलेला असतो. माझ्या नोंदींतले बहुतेक वाद या एकाच चुकीचे निघाले.

आधी दोन शब्द पक्के करून घेऊ. ज्या पायाने पिचर रबरशी संपर्क राखून चेंडू टाकतो तो पिव्हट पाय. उजव्या हाताच्या पिचरचा तो उजवा असतो आणि डावखुऱ्याचा डावा. दुसरा तो मोकळा पाय. रबर म्हणजे माउंडवर, म्हणजे पिचरच्या मातीच्या उंचवट्यावर, बसवलेली पांढरी रबरी पट्टी. पूर्ण आकाराच्या मैदानावर ती २४ इंच लांब आणि ६ इंच रुंद असते, आणि तिच्या पुढच्या कडेपासून होम प्लेटच्या मागच्या टोकापर्यंत ६० फूट ६ इंच अंतर असते. हे अंतर १८९३ पासून तसेच आहे. त्यापूर्वी पिचरला आखलेल्या चौकटीत उभे राहून टाकायचे असे. चौकट गेली, पट्टी आली आणि तिला पाय लागलेला असण्याचे बंधन आले, म्हणजे आजच्या वादाचे मूळ तेथपर्यंत जाते.

व्यावसायिक नियमांप्रमाणे वैध पोझिशन दोनच आहेत, विंडअप आणि सेट, आणि पिचरला कोणतीही पोझिशन केव्हाही वापरता येते. बेसवर रनर असला की सेटच घ्यावी लागते, हा सर्रास आढळणारा गैरसमज आहे. विंडअपमध्ये पिचर बॅटरकडे तोंड करून उभा राहतो, पिव्हट पाय रबरला लागलेला असतो आणि मोकळा पाय रबरवर, पुढे, मागे किंवा बाजूला कोठेही असू शकतो. प्रत्यक्ष चेंडू टाकताना त्याला मोकळ्या पायाने एक पाऊल मागे आणि एक पाऊल पुढे घेता येते. सेटमध्ये पिव्हट पाय रबरला लागलेला आणि मोकळा पाय रबरच्या पुढे असतो. पिचर एक हात बाजूला ठेवून सुरुवात करतो, मग एकाच सलग हालचालीत दोन्ही हात शरीरासमोर आणतो आणि बेसवर रनर असेल तर पूर्ण थांबतो.

या दोन व्याख्या शेजारी ठेवून वाचल्या की वादाचे कारण आपोआप समोर येते. विंडअपमध्ये मोकळा पाय पुढे चालतो आणि सेटमध्ये तो पुढेच असावा लागतो. त्यामुळे पुढे ठेवलेला मोकळा पाय दोन्ही व्याख्यांत बसतो, आणि पिचरच्या मनात काय आहे हे पंचाला बाहेरून ओळखता येत नाही. याच कारणाने मेजर लीगच्या (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या) नियमांत खुलासा आला: बेसवर रनर असताना पिचरचा पिव्हट पाय रबरला लागून समांतर असेल आणि मोकळा पाय रबरच्या पुढे असेल, तर तो सेटमध्येच आहे असे गृहीत धरायचे. त्याला त्याच उभेपणातून विंडअप करायचा असेल तर बॅटरची पाळी सुरू होण्यापूर्वी त्याने पंचाला तसे सांगितले पाहिजे. पाळी चालू असताना हे सांगण्याची मुभा दोनच वेळा मिळते, फलंदाजी संघाने बदली खेळाडू आणला तर किंवा रनर पुढच्या बेसवर गेला तर, आणि तेही पुढचा चेंडू टाकण्यापूर्वीच.

म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या प्रसंगात, सामना या नियमांवर चालत असेल आणि पिचरने पंचाला काही सांगितलेले नसेल, तर तो बॉक आहे आणि रनरला होम प्लेट मिळते. पिचरने आधी सांगितले असेल तर चेंडू वैध आहे. चेंडू सुटल्यानंतर डगआउटमधून आलेले ‘तो विंडअपमध्ये होता’ हे स्पष्टीकरण कितीही प्रामाणिक असले तरी उशिरा आलेले आहे.

पण ‘सामना या नियमांवर चालत असेल तर’ हे शब्द मी मुद्दाम घातले आहेत, कारण दुसरी मोठी गल्लत तेथेच होते. अमेरिकेतल्या हायस्कूल सामन्यांचे नियमपुस्तक वेगळे आहे, आणि ते मोकळ्या पायाबाबत अधिक काटेकोर आहे. रबरच्या पुढच्या कडेतून दोन्ही बाजूंना एक सरळ रेषा लांबवली आहे अशी कल्पना करा. मोकळा पाय पूर्णपणे त्या रेषेच्या पुढे असेल तर तेथे विंडअप होऊच शकत नाही. विंडअपसाठी मोकळा पाय रेषेवर किंवा रेषेच्या मागे असावा लागतो. आता असा पिचर घ्या की ज्याच्या पिव्हट पायाचा पंजा होम प्लेटकडे वळलेला आहे, पाय समांतर नाही, आणि मोकळा पाय पुढे टाकलेला आहे. पंचांमध्ये याला ‘हायब्रिड’ म्हणतात. व्यावसायिक नियमांत वर सांगितलेले सेटचे गृहीतक त्याला लागू होत नाही, कारण पाय समांतर नाही, आणि विंडअपमध्ये मोकळा पाय पुढे चालतो, म्हणून त्याला विंडअपचा दावा करता येतो. हायस्कूलच्या सामन्यात त्याच उभेपणाला तो दावा करता येत नाही. शनिवारी सकाळी एका मैदानावर बरोबर ठरलेला निर्णय दुपारी दुसऱ्या मैदानावर चुकीचा ठरू शकतो, आणि टीव्हीवर मेजर लीग पाहणारे पालक दोन्हीकडे तितक्याच खात्रीने ओरडत असतात. मैदानावर पाऊल ठेवण्यापूर्वी आज कोणते नियमपुस्तक लागू आहे आणि त्यावर स्थानिक स्पर्धेने काय बदल केले आहेत, हे विचारून घेणे हाच येथे पहिला उपाय आहे.

वयोगटाचाही यात मोठा वाटा आहे. लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेच्या १२ वर्षांपर्यंतच्या मेजर्स विभागात रबर ते होम प्लेट अंतर ४६ फूट असते, चेंडू बॅटरपर्यंत पोचेपर्यंत रनरला बेस सोडता येत नाही आणि बॉक हा प्रकारच नसतो. नियमबाह्य पिच पडली तर बॅटरला एक ‘बॉल’ मिळतो (म्हणजे त्याच्या बाजूने एक चुकीचा चेंडू मोजला जातो), रनर जागेवरच राहतात. रनरच बेस सोडत नसल्यामुळे पिचर रबरवरून कोणता पाय आधी उचलतो याकडे चार-पाच वर्षे कोणीही लक्ष देत नाही. मग तोच मुलगा इंटरमीजिएट विभागात, ५० फुटांच्या माउंडवर येतो, किंवा एकदम ६० फूट ६ इंचांवर जातो. आता रनर लीड घेऊ लागतात, म्हणजे चेंडू सुटण्यापूर्वीच बेसपासून पुढे सरकतात, बॉक लागू होतो आणि अंगात मुरलेल्या सवयी एकाच दुपारी चुका ठरतात. मला सर्वांत जास्त बॉक याच वयात, हंगामाच्या पहिल्या तीन-चार आठवड्यांत द्यावे लागतात. या मुलांना रनर फसवायचा नसतो. कोणी त्यांना पायांचा क्रमच शिकवलेला नसतो.

त्या क्रमातली सर्वाधिक होणारी चूक रबर सोडण्याची आहे. खूण नीट दिसली नाही, डोळ्यांत घाम गेला किंवा रनरकडे पाहायचे आहे, अशा वेळी पिचरला थांबायचे असते. नियम सांगतो की पिव्हट पाय आधी उचलून रबरच्या मागे ठेवावा. विंडअपमधून रबर सोडले तर दोन्ही हात बाजूला सोडणेही आवश्यक आहे. पण मुले स्वाभाविकपणे मोकळा पाय आधी मागे घेतात, कारण शरीराचा भार पिव्हट पायावर असतो. विंडअपमध्ये मोकळ्या पायाचे मागचे पाऊल म्हणजे चेंडू टाकण्याच्या क्रियेची सुरुवात असते. ती सुरू करून चेंडू टाकला नाही, म्हणजे बॉक झाला. त्याचप्रमाणे विंडअपमध्ये उभे राहून झाल्यावर, रबर न सोडता तेथूनच सेटमध्ये जाणे हाही बॉक आहे. पहिल्या बेसवर रनर पोचल्यावर गोंधळलेली मुले हे फार वेळा करतात. पोझिशन बदलायची असेल तर आधी पिव्हट पायाने मागे उतरायचे आणि पुन्हा रबरवर यायचे, दुसरा मार्ग नाही.

बेस अंपायरने येथे काय पाहावे? दोन पंचांच्या पद्धतीत (होम प्लेटमागचा तो प्लेट अंपायर, मैदानात उभा तो बेस अंपायर), पहिल्या बेसवर रनर असताना बेस अंपायर माउंड आणि दुसरा बेस यांच्या मध्ये, पहिल्या बेसच्या बाजूला उभा असतो. तेथून पिव्हट पायाची टाच त्याला इतर कोणाहीपेक्षा स्पष्ट दिसते. म्हणून पिव्हट पाय बेस अंपायरचा, आणि हातांचे थांबणे, गुडघ्याची हालचाल, मोकळ्या पायाची दिशा प्लेट अंपायरची, अशी वाटणी सामन्यापूर्वीच बोलून घ्यावी. बॉक पुकारण्याचा अधिकार दोघांनाही आहे, पण दोघेही खांद्याकडे बघत राहिले तर पाय कोणीच पाहत नाही. मी स्वतः रनरकडे एक नजर टाकून लगेच टाचेवर येतो आणि पिचरची पहिली हालचाल होईपर्यंत टाच सोडत नाही.

पिव्हट पाय रबरच्या मागे टेकला की पिचर सामान्य इनफिल्डरसारखा, म्हणजे बेसजवळच्या क्षेत्ररक्षकासारखा, होतो. तो कोणत्याही बेसकडे हूल देऊ शकतो, चेंडू न टाकता थांबू शकतो. रबरवर असताना मात्र पहिल्या बेसकडे पाऊल टाकले की चेंडू टाकावाच लागतो, आणि २०१३ पासून मेजर लीगच्या नियमांत तिसऱ्या बेसलाही तेच लागू झाले. फक्त दुसऱ्या बेसकडे, तेथे रनर असताना, रबरवरून हूल देता येते. या फरकाचा आणखी एक परिणाम आहे, जो फार थोड्या नव्या पंचांना ठाऊक असतो. पिचरने रबरवरून पिकऑफसाठी (बेसपासून सरकलेल्या रनरला बाद करण्यासाठी) टाकलेला चेंडू मैदानाबाहेर गेला तर रनरना एक बेस मिळतो. रबर सोडून टाकलेला तसाच चेंडू बाहेर गेला तर तो इनफिल्डरचा फेकलेला चेंडू ठरतो आणि दोन बेस मिळतात. उडी मारून वळणारा पिचर, ज्याचे दोन्ही पाय एकदम जमिनीवरून उठतात, हा येथे सर्वांत अडचणीचा ठरतो. त्याची ती हालचाल वैध आहे, पण पिव्हट पाय रबरच्या मागे टेकलेला नसल्यामुळे तो रबरवरूनच टाकतो आहे असे धरायचे आणि एकच बेस द्यायचा. मी एकदा अशा चेंडूवर दोन बेस दिले होते, आणि त्या जास्तीच्या बेसमुळे झालेली धाव सामन्याच्या अखेरीस निर्णायक ठरली. ती चूक अजून मनात आहे, म्हणून आता पिकऑफच्या प्रत्येक प्रयत्नात ‘मागे उतरला की नाही’ हे मी चेंडू सुटण्याआधीच स्वतःशी म्हणतो.

पहिल्या बेसकडे टाकताना मोकळ्या पायाचे पाऊल बेसच्या दिशेने ‘थेट’ पडले पाहिजे, आणि चेंडू टाकण्यापूर्वी पडले पाहिजे. जागच्या जागी गिरकी घेऊन टाकणे किंवा शरीर वळवून आधी टाकणे आणि मग पाऊल ठेवणे, दोन्ही बॉक आहेत. डावखुऱ्या पिचरबाबत पंच एक काल्पनिक रेषा धरतात, होम प्लेटची दिशा आणि पहिल्या बेसची दिशा यांच्या बरोबर मधली, म्हणजे ४५ अंशांची. पाऊल या रेषेच्या होमकडील बाजूला पडले आणि चेंडू पहिल्या बेसकडे गेला तर बॉक द्यायचा, असा प्रघात आहे. ही रेषा नियमपुस्तकात आखलेली नाही, ‘थेट’ या शब्दाचा अर्थ मैदानावर लावण्यासाठी पंचांनी स्वीकारलेली ती फूटपट्टी आहे, हे ध्यानात ठेवावे, म्हणजे प्रशिक्षकाशी बोलताना ‘नियमात ४५ अंश लिहिले आहेत’ असे चुकीचे विधान आपल्याकडून होणार नाही. माउंडच्या मातीत पावलाचा ठसा उमटतो. त्या ठशावरून मी झालेला निर्णय कधी बदलत नाही, पण पहिल्या एक-दोन प्रयत्नांनंतर ठसा पाहून माझ्या नजरेचा अंदाज बरोबर आहे का, हे मात्र अवश्य तपासतो.

डावखुऱ्यांच्या बाबतीत आणखी एक कड महत्त्वाची आहे, ती रबरची मागची कड. पाय उचलताना मोकळा पाय या कडेच्या मागे गेला की पिचर बॅटरला चेंडू टाकण्यास बांधला जातो. अपवाद फक्त दुसऱ्या बेसवरील पिकऑफचा. चांगला डावखुरा पिचर गुडघा उंच घेऊन पाय त्या कडेपर्यंत आणतो आणि तेथून पहिल्या बेसकडे किंवा होमकडे जातो. रनर त्याच क्षणाची वाट पाहत असतो. पाय कडेच्या मागे गेला का, हे पाहताना पावलाकडे बघावे. गुडघा मागे गेलेला दिसला म्हणून पाऊल गेले असे होत नाही. हा नियम डाव्या आणि उजव्या दोन्ही पिचरना सारखाच आहे, उजव्याच्या बाबतीत तो प्रश्न क्वचित येतो इतकेच.

सेटमधल्या थांबण्याविषयी थोडक्यात. रनर बेसवर असताना पूर्ण थांबणे आवश्यक आहे, बेस मोकळे असताना नाही, मात्र बॅटर तयार नसताना त्याला गाठण्यासाठी घाईने टाकलेली पिच तेव्हाही नियमबाह्यच असते. १९८८ मध्ये मेजर लीगने थांबणे स्पष्ट दिसले पाहिजे आणि तेव्हा दोन्ही पाय जमिनीवर असले पाहिजेत, असे शब्द नियमात घातले. त्या एका हंगामात ९२४ बॉक दिले गेले, आदल्या वर्षी ते ३५६ होते. पुढच्याच वर्षी शब्द पुन्हा बदलावे लागले. पंचाने नियमाचे शब्द पाळणे आणि खेळ चालू ठेवणे यांतला ताण त्या हंगामाइतका उघडपणे क्वचितच दिसला असेल. मुलांच्या सामन्यात मी दोन्ही हात एकत्र येऊन ग्लव्हची हालचाल बंद झालेली पाहतो आणि तेव्हा मोकळा पाय जमिनीवर आहे ना, एवढे पाहतो. ग्लव्ह खाली येऊन लागलीच वर उसळत असेल तर ते थांबणे नव्हे.

आता माउंडच्या स्थितीकडे येऊ, कारण सार्वजनिक उद्यानांतल्या मैदानांवर निम्मी अडचण मातीची असते. पिचर सतत एकाच जागी पाय रोवत असल्याने रबरच्या पुढे खड्डा पडतो. तिसऱ्या इनिंगपर्यंत तो इतका खोल होतो की पिव्हट पाय खड्ड्यात जातो आणि बुटाची फक्त एक बाजू रबरच्या पुढच्या कडेला टेकते. एवढा संपर्क पुरेसा आहे. संपूर्ण पाऊल रबरवर असावे अशी व्यावसायिक नियमांची अपेक्षा नाही. मात्र खड्डा टाळण्यासाठी पिचर चार-सहा इंच पुढे किंवा रबरच्या टोकाबाहेर सरकला, तर संपर्क तुटतो. रबरला पाय न लागता टाकलेली पिच बेस मोकळे असताना नियमबाह्य ठरून बॅटरला एक बॉल मिळतो, रनर असतील तर तो बॉक होतो. येथे शिक्षा देण्यापूर्वी मातीची दुरुस्ती करून घेणे मला अधिक योग्य वाटते. दोन इनिंगच्या मध्ये दाताळे आणि धुमुस मागवून खड्डा भरून घ्यायला दोन मिनिटे लागतात. रबर सैल झाले असेल किंवा त्याची कड वर आली असेल तर सामना तेथेच थांबवावा, कारण तेथे मुलाचा घोटा मुरगळण्याचा धोका आहे, आणि तो कोणत्याही बॉकपेक्षा मोठा आहे.

चेंडू टाकताना पिव्हट पाय रबरपासून पुढे घसटत जातो, ते स्वाभाविक आहे आणि त्यावर हरकत घेण्याचे कारण नाही. पण पिव्हट पाय उचलून पुढे उडी घेणे आणि नव्या जागी टेकवून तेथून जोर लावणे, हे वेगळे. कार्टर कॅप्स नावाच्या पिचरची अशी उडी खूप चर्चिली गेली आणि २०१७ मध्ये नियमात स्पष्ट झाले की होम प्लेटकडे दुसरे पाऊल टाकता येणार नाही आणि पिव्हट पाय पुन्हा नव्याने रोवता येणार नाही. शाळकरी मुले अशी उडी जाणूनबुजून घेत नाहीत, पण उंच आणि बारीक मुलांमध्ये, जोर लावताना, ती अधूनमधून दिसते. बुटाच्या टोकाची रेघ मातीत सलग उमटली असेल तर घसटणे, रेघ तुटून पुढे नवा खळगा दिसला तर उडी.

टीव्हीवरून येणाऱ्या एका मागणीबद्दल येथेच सांगून ठेवतो. २०२३ पासून मेजर लीगमध्ये बॅटरच्या एका पाळीत पिचरला दोनदाच रबर सोडण्याची किंवा पिकऑफची मुभा आहे, आणि तिसऱ्या प्रयत्नात रनर बाद झाला नाही तर बॉक दिला जातो. ही मर्यादा तुमच्या स्पर्धेच्या नियमपुस्तकात लिहिलेली नसेल, तर ती लागू करू नये, पालकांनी कितीही मोजून दाखवले तरी.

बॉक पुकारताना हात वर करण्याची घाई करू नये, पण निर्णय झाल्यावर आवाज स्पष्ट असावा. पिचरकडे बोट करून ‘दॅट्स अ बॉक’ म्हणावे. हायस्कूल नियमांत चेंडू त्याच क्षणी मृत होतो. व्यावसायिक नियमांत पिचरने तरीही पिच टाकली, बॅटर पहिल्या बेसवर पोचला आणि सर्व रनर किमान एक बेस पुढे गेले, तर बॉक विसरून खेळ चालू ठेवायचा. तसे झाले नाही तर ‘टाइम’ म्हणून रनरना एकेक बेस द्यायचा. त्यानंतर प्रशिक्षकाला कारण एका वाक्यात सांगावे, आणि त्या वाक्यात पायाचा उल्लेख असावा: ‘मोकळा पाय आधी मागे घेतला’, ‘पाऊल होमकडे पडले’, ‘पिव्हट पाय रबरला लागलेला नव्हता’. नुसते ‘त्याने रनरला फसवले’ असे उत्तर दिले की वाद वाढतो, कारण हेतूवर कितीही वेळ वाद घालता येतो आणि पायावर तितका घालता येत नाही.

माझा नित्यक्रम आता असा झाला आहे. पिचर सरावाचे चेंडू टाकत असताना मी प्लेटमागे न थांबता थोडा बाजूला जाऊन त्याचे पाय पाहतो: पिव्हट पाय समांतर ठेवतो की तिरपा, मोकळा पाय कोठे ठेवतो, दोन्ही पोझिशन वापरतो की एकच. रनर तिसऱ्या बेसवर पोचला, किंवा तिन्ही बेस भरले, आणि पिचरचे उभे राहणे दोन्ही पोझिशनमध्ये बसणारे असेल, तर बॅटरची पाळी सुरू होण्यापूर्वी मी त्याच्याकडे पाहून घोषणेची वाट पाहतो. व्यावसायिक नियमांवर चालणाऱ्या लहान वयोगटाच्या सामन्यात, स्पर्धेच्या आयोजकांची संमती असेल तर, ‘विंडअप का?’ असे मी स्वतःच विचारतो, आणि उत्तर मिळाले की तिसऱ्या बेसजवळच्या प्रशिक्षकालाही ते ऐकू जाईल असे मोठ्याने सांगतो. मोठ्या मुलांच्या सामन्यात मी विचारत नाही, कारण सांगण्याची जबाबदारी नियमाने पिचरवर टाकली आहे आणि पंचाने एका संघाला आठवण करून देणे दुसऱ्या संघावर अन्याय करणारे आहे. आणि ज्या वेळी माझी नजर रनरवर होती आणि टाच मला दिसली नाही, त्या वेळी मी बॉक देत नाही. प्रशिक्षकाने विचारले तर ‘मला दिसले नाही’ असे सांगतो, दुसऱ्या पंचाला काही दिसले का ते विचारतो, आणि त्याच्याकडेही उत्तर नसेल तर पुढचा चेंडू टाकायला सांगतो.